घरधन्याचं बटण

बातम्यांच्या एखाद्या वाहिनीवर ‘राज्यात सर्वाधिक पाहिली जाणारी’ अशी लाल पट्टी सरकायला लागली, की माझी बायको ताटावरून मान वर करून माझ्याकडं बघते. ‘‘बघा, ह्यांना कुणी मोजलं?’’ म्हणते. मी भाकरी कुस्करत राहतो. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी हा टोमणा जुना होत नाही, कारण नोकरीत असताना मी नेमकं करतो काय, हे मी तिलासुद्धा धड सांगितलं नव्हतं.

लोक नेहमी विचारतात, ‘‘आम्ही काय बघतो ते आम्हाला तर कुणी विचारलं नाही, मग हे आकडे येतात कुठून?’’ बीड जिल्ह्यापुरतं बोलायचं तर त्यातल्या बऱ्याच घरांत डबा बसवायला मी गेलेलो होतो.

अंबाजोगाईत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पाठीला कुबड असलेले टीव्ही गेले, सपाट आले, आणि बिघडला की लोक टीव्हीच बदलायला लागले. मी दुकानात माशा मारत बसलो होतो तेव्हा ही नोकरी आली. काम सांगायला सोपं. कंपनी जिल्ह्यातली मोजकी घरं निवडायची. त्या घरच्या टीव्हीला पंज्याएवढा एक डबा जोडायचा, त्याला म्हणायचं मीटर. कोणती वाहिनी लागली ते मीटर आपोआप ओळखतो. समोर कोण बसलंय हे मात्र त्याला कळत नाही. म्हणून सोबत एक वेगळा रिमोट, आणि घरातल्या प्रत्येकाला त्यावर एक बटण. एक नंबर घरधन्याचं, दोन नंबर बाईचं, पुढं वयाप्रमाणं पोरांची. बसलं की आपलं बटण दाबायचं, मीटरवर तो आकडा लाल पेटतो. उठताना पुन्हा दाबायचं, विझतो. ही सगळी माहिती मुंबईला जायची आणि त्या एका घरावरून आसपासची हजारो घरं काय बघतात ते ठरायचं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तीच.

आता शीतच कुणी शिजवून आणून ठेवलं तर? म्हणून पहिला नियम असा, की मीटर कोणत्या घरात आहे हे जीव गेला तरी सांगायचं नाही. वाहिन्यांची माणसं ही घरं हुडकत फिरायची. मी गावात जायचो तो टीव्ही मेकॅनिक म्हणून, खांद्याला जुनी हत्यारांची पिशवी अडकवून. पण दर महिन्याला एकाच घरात मेकॅनिक जातो म्हटल्यावर गावाला दुसरं काय काम? कुणी म्हणायचं वीज बोर्डाचा माणूस आहे, तारेवर टाकलेले आकडे पकडायला आलाय. कुणी म्हणायचं पोरीला स्थळ घेऊन येतो. एका गावात पारावरच्या म्हाताऱ्यानं मला थांबवून सरळ विचारलं, ‘‘तुमी दुरुस्त करायलेत का बिघडवायलेत? माझा टीव्ही दहा वर्सं झाली, एकदा खोलला न्हाई.’’ मी पिशवी सावरून पुढं निघालो.

घरातल्यांचा तरी विश्वास असावा, तर तोही नाही. धारूरकडच्या एका घरात मी मीटर तपासायला गेलो तर त्यावर खणाचं कापड घातलेलं. बाई म्हणाली, ‘‘भाऊ, आमी बाया आंघुळीवरून येतो, लुगडं बदलतो, ह्याचा डोळा इकडंच हाय.’’ मी म्हटलं, ह्याला डोळा नसतो. ती म्हणाली, ‘‘मग ह्याला कसं कळतंय आमी काय बघतो ते?’’ तिला पटवायला मला अर्धा तास लागला आणि निघताना मागं वळून बघितलं तर खण पुन्हा जागेवर.

मी स्वतः मात्र सुरुवातीला कुणावर संशय घेत नव्हतो. ती सवय मला गेवराईनं लावली.

गेवराईत एक किराणा दुकानदार होता, दुकानाच्या मागंच घर. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलणं साखरेसारखं. त्याच्या घरचे आकडे मुंबईला खटकले. सकाळी उजाडल्यापासून रात्री निजानीजेपर्यंत बातम्यांची एकच वाहिनी, आणि पाचही बटणं पेटलेली. जेवायला कुणी उठत नाही, अंघोळीला उठत नाही, दुकान उघडायलाही उठत नाही. मी न कळवता गेलो. पुढच्या खोलीत नवाकोरा मोठा टीव्ही, त्यावर सगळं घर मालिका बघतंय. आमचा मीटर कुठाय? मागं ज्वारीच्या पोत्यांच्या खोलीत. तिथं जुना टीव्ही पोत्यांना बातम्या सांगत होता आणि मीटरवर पाच लाल आकडे.

दुकानदारानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ‘‘साहेब, एक पोरगा आलता वाहिनीचा. म्हणला ह्यो नवा टीव्ही फुकट घ्या, जुना चालू ठिवा, बास. त्यात कुणाचं काय वाईट हाय?’’

ते घर यादीतून काढलं. मुंबईच्या साहेबांनी फोनवर माझं कौतुक केलं आणि बैठकीत माझं नाव घेतलं. तेव्हापासून मी कुठल्याही घरात शिरलो की आधी टीव्ही नवा आहे का बघायचो, मग मिक्सर, मग पोराच्या हातातला मोबाइल. चहा दिला तरी वाटायचं, एवढा आग्रह कशाला? दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकतो. मी तर पाणीसुद्धा फुंकायला लागलो होतो.

अशात तो दुष्काळ आला.

दुष्काळ आमच्याकडं पाहुणा नाही, घरचाच आहे, पण त्या साली त्यानं मुक्काम हलवलाच नाही. पालीजवळचं धरण तळ दाखवायला लागलं, गावोगाव टँकर, आणि माळावर जनावरांच्या छावण्या. ज्या गावाबद्दल सांगतोय त्याचं नाव घेणार नाही, माणसांची नावंही बदललीत. त्या गावाची छावणी तिथल्या सेवा सोसायटीनं चालवायला घेतली होती, गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर. हिरव्या जाळीखाली दावणीला जनावरं, खायला उसाच्या शेंड्यांचे वाढे आणि थोडी पेंड, प्रत्येक जनावराच्या कानाला बिल्ला. नियम असा, की जनावरामागं घरातला कर्ता माणूस छावणीत मुक्कामी पाहिजे. सकाळ-संध्याकाळ शिरगणती. मालक नसेल तर जनावरं बोगस धरायची, कारण बोगस जनावरांच्या तक्रारींनी तहसीलचं पथक तेव्हा सारखं फिरत होतं.

ह्याच गावात आमचं एक घर होतं. घरधनी त्र्यंबकराव, पन्नाशीचा, कमी बोलणारा शेतकरी. बायको सुभद्राबाई. मुलगा चाकणला कंपनीत, घरी अकरावीतली मुलगी उज्ज्वला. मीटर मीच बसवला होता. आणि ह्या घरचे आकडे एकाएकी बदलले. मालिका बंद, सिनेमे बंद. वीज असेल तेवढा वेळ बातम्यांची एकच वाहिनी, तीही मुख्यतः दिवेलागणीनंतरच्या चर्चा. बघणारा एकच, एक नंबर. त्र्यंबकराव.

मुंबईहून फोन आला, ‘‘बघून या. गेवराईसारखं वाटतंय.’’ मला त्या फोननं आनंद झाला हे कबूल करतो. दुसऱ्यांदा नाव घेतलं जाणार होतं.

वाटेत छावणी लागते म्हणून फाटकाजवळच्या टपरीवर चहाला थांबलो. जाळीखाली नजर गेली आणि मी कप खाली ठेवला. त्र्यंबकराव तिथं होता. एका बैलाच्या पाठीवर हात ठेवून दुसऱ्याला वाढे टाकत होता. बाजूला गाय, वासरू, खाट, खाटेवर घडी केलेली वाकळ. टपरीवाल्याला विचारलं, तर म्हणाला, छावणी सुरू झाल्यापासून इथंच हाय.

म्हणजे माणूस इथं आणि त्याचा आकडा घरी पेटतोय. मला वाटलं, सापडला.

एवढ्यात सोसायटीचे चेअरमन शेजारी येऊन बसले. पांढरे कपडे, हातात शिरगणतीची वही. मला ते मेकॅनिक म्हणून ओळखायचे. ‘‘काय मिस्त्री, कुणाचा टीव्ही बसला?’’

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला खात्री करून घ्यायची होती की हा गडी संध्याकाळी घरी पळत तर नाही ना. मी म्हणालो, ‘‘हे त्र्यंबकराव रात्री घरी जातात का हो?’’

‘‘कावून?’’

‘‘नाही, सहज. दिवेलागणीपासून रोज घरी बातम्या बघतात ते, म्हणून म्हटलं.’’

चेअरमननी वही मिटली. ‘‘तुमाला कोन सांगितलं?’’

आणि मी, जीव गेला तरी बोलायचं नाही हा नियम पाठ असलेला माणूस, कॉलर ताठ करून म्हणालो, ‘‘आम्हाला कळतं हो.’’

चेअरमन हसले. माझ्या चहाचे पैसे त्यांनीच दिले. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही, आणि मी तर चहाच्या आग्रहावरही संशय घेणारा.

गावात पोचलो तर भर दुपार. त्र्यंबकरावच्या घराचं दार आतून बंद, आत पुरुषांचा आरडाओरडा. चार जण एकमेकांवर तुटून पडले होते. मी कडी वाजवली. आवाज आणखी वाढला. मग उज्ज्वलानं फटीतून बघितलं आणि दार उघडलं. आत सुभद्राबाई आणि पोरगी, दोघीच. ओरडणारे चौघे टीव्हीत होते. सुभद्राबाई पाठ करून ज्वारी निवडत होती, टीव्हीकडं तिचं लक्षही नव्हतं. मीटरवर एक नंबर लालभडक.

मी पिशवीही खाली ठेवली नाही. ‘‘बाई, कोण आलं होतं तुमच्याकडं?’’

‘‘कोन येतंय? कुत्रं येत न्हाई.’’

‘‘ही वाहिनी लावा म्हणून कुणी सांगितलं? काय दिलं? खरं बोला. मालक छावणीत आहेत, मी आत्ता डोळ्यांनी बघून आलो. मग हे बटण कुणी दाबलं?’’

‘‘म्या दाबलं.’’

‘‘का?’’

तिनं सूप बाजूला ठेवलं. रागावली नव्हती. माझ्याकडं अशी बघत होती, की एवढं साधं ह्याला कसं कळेना.

‘‘निम्मं गाव ऊसतोडीला गेलंय. ऱ्हायलेले गडी छावणीत. शेजारचं घर बंद, म्होरलं बंद. मागल्या पंधरवड्यात दोन विहिरींवरच्या मोटारी चोरीला गेल्या. टँकरसंगं कोन कोन येतंय, वळखीचं न्हाई. एकानं पानी मागायच्या मिषानं दार वाजिवलं अन् आत डोकावून इचारतो, मालक कुटं हाईत? घरात तरणी पोर हाय, भाऊ. मालिका लावली तर बायांचं रडनं भाईर जातंय. ह्याच्यात चार गडी सारखे भांडतेत. रस्त्यानं जानाराला वाटतंय घरात बैठक बसलीय.’’

‘‘बरं. वाहिनीचं समजलं,’’ मी म्हणालो. ‘‘पण बटण?’’

उज्ज्वला म्हणाली, ‘‘काका, तुम्हीच सांगितलं होतं की. बसवताना.’’

‘‘काय सांगितलं होतं?’’

‘‘की बटणावरून मुंबईला कळतं घरात कोण आहे ते.’’

सुभद्राबाईनं पुढचं बोलून टाकलं. ‘‘मग घरात गडी न्हाई हे त्यान्ला कशाला कळू द्यायचं? मुंबईत बसलेला मानूस कोन हाय, कुनाला सांगंल, आमाला काय ठाव? इकडं दाराला कडी लावायची अन् तिकडं डब्यातनं सांगत बसायचं, या, आमी दोघीच हाव?’’

इतकी वर्षं मी घरोघर जाऊन सांगत होतो, मीटरला घाबरू नका, तुमची माहिती कुठं जात नाही. ह्या बाईनं त्या माहितीलाच आतून कडी घातली होती. आणि तिच्या भीतीला मुंबईत लोकप्रियता म्हणत होते. त्याच सुमारास ती वाहिनी आपण पुढं गेल्याचा डंका पिटत होती. त्यात ह्या घराचा किती वाटा होता मला माहीत नाही, पण होता.

पटलं का मला? खोटं कशाला बोलू, अर्धंच पटलं. गेवराईचा दुकानदारही गोडच बोलला होता. जाताना मी टीव्हीची पाठ बघितली, मिक्सर बघितला. दोन्ही जुने. तरी अहवालात लिहिलं, ‘चुकीचे बटण दाबले जाते, कारण समाधानकारक वाटत नाही, घर बदलावे.’ गाढवासारखं लिहिलं.

आठेक दिवसांनी मीटर काढायचा हुकूम आला. मी गेलो तर त्र्यंबकरावच्या दारात बैल. गाय, वासरू, सगळी जनावरं. अंगणात वाढ्याचं एक पानही नाही. त्र्यंबकराव ओट्यावर बसून कडब्याची जुनी बुडखं कुऱ्हाडीनं बारीक करत होता.

‘‘छावणी उठली का?’’ मी विचारलं.

‘‘आमची उठली,’’ तो म्हणाला. ‘‘मागं सोसायटीच्या सभेत म्या इचारलं होतं, चाऱ्याचा भारा वजन करून का देत न्हाईत म्हणून. तवापासून चेअरमनच्या डोळ्यात खुपत व्हतो. आता चेअरमननं पथकाला सांगितलं, ह्यो गडी मुक्कामी नसतो, घरी बसून टीव्ही बघतो, जनावरं नुसती दाखवायला हाईत. म्या शपथ घेतली. म्हणले, आमच्यापाशी पक्की खबर हाय.’’

मी मीटरकडं गेलोच नाही. तसाच गाडी फिरवून छावणीवर. चेअरमन टपरीवरच होते. मी म्हटलं, माझी चूक झाली, त्र्यंबकराव छावणीतच असतो, त्याला परत घ्या.

‘‘तुमीच म्हणला ना, रोज घरी बातम्या बघतो? अन् वर म्हणला, आमाला कळतं.’’

‘‘म्हणालो. पण ते तो बघत नव्हता.’’

‘‘मग कोन बघत व्हतं? अन् कोन बघतंय ते तुमाला आंबाजोगाईत बसून कसं कळतंय, मिस्त्री? ते सांगा पथकाला. उद्या सकाळी तहसीलला येतेत ते, लिहून द्या.’’

एवढंच करायचं होतं. पथकासमोर बसून लिहून द्यायचं, की ह्या घरात मीटर आहे, एक नंबरचं बटण बायको दाबते, आणि ती का दाबते. दहा ओळींचं काम. पण नियम मोडला की नोकरी गेली, आणि माझा मुलगा तेव्हा नुकताच कॉलेजात गेला होता. शिवाय चेअरमन तिथंच असणार, म्हणजे घरात बाया एकट्या असल्याचं मीच गावभर सांगितल्यासारखं झालं असतं. हे दुसरं कारण खरं आहे, पण ते मला नंतर सुचलं. त्या वेळी मला माझी नोकरीच दिसत होती. मी चेअरमनना म्हणालो, ‘‘बघतो,’’ आणि उठलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तहसीलला गेलो नाही. परळीच्या एका घरात रिमोटचे सेल बदलत होतो.

तोंड उघडायला नको होतं तिथं उघडलं, आणि उघडायला हवं होतं तिथं मिटलं. सगळ्या नोकरीत ह्या दोन चुका मी केल्या, त्या एकाच घराच्या बाबतीत.

मीटर काढायला पुन्हा गेलो तोवर बैल बाजारात गेले होते. गाय सुभद्राबाईच्या भावाकडं गोदाकाठी पोचवली होती. दावणीला एकटं वासरू, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं रस्त्याकडं तोंड करून उभं. त्र्यंबकराव घरात टीव्हीसमोर बसला होता. त्याला करायला काही उरलं नव्हतं. बातम्यांवर दुष्काळाचीच चर्चा चालू होती, तेच चौघे, तसेच भांडत. मीटरवर एक नंबर लाल पेटलेला. ह्या वेळी तो त्यानं स्वतः दाबला होता.

मी त्याला सांगितलं. म्हणजे टपरीवर काय बोललो ते सगळं सांगितलं. त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाला, ‘‘काढा काय काढायचं ते.’’ शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी टीव्हीमागं वाकून वायर सोडवायला लागलो. सुभद्राबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

‘‘म्या म्हणलं नव्हतं का, भाऊ,’’ ती म्हणाली, ‘‘डब्यातलं भाईर जातंय म्हणून?’’

मी वायर ओढली. एक नंबर विझला.

‘‘मालक घरी नव्हते तवा पेटत व्हता,’’ ती म्हणाली. ‘‘आता मालक घरी हाईत, तर तुमी इझवायला आलात.’’